वेगाचं चलन, जप्त लायसन्स आणि रिफ्रेशर कोर्स: बेळगाव-निपाणी-खानापूर भागात नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी

बेळगावात गाडी चालवायला लागून थोडे दिवस झाले की एक सल्ला हमखास कानावर येतो: "वेगाचं चलन आलंय ना? मग एक कोर्स कर, दंड भरायलाच नको." सल्ला देणाऱ्याचा कुणीतरी पाहुणा इंग्लंडात असतो आणि तिथे ते खरंच तसं आहे. आपल्याकडे तसं नाही. कोर्स आपल्याकडेही आहे, अगदी कायद्यात लिहिलेला आहे, पण तो दंडाच्या जागी येत नाही. तो येतो लायसन्स निलंबित झाल्यावर, आणि पूर्ण केल्याशिवाय लायसन्स परत हातात पडत नाही. हे न समजल्यामुळे माणूस दोन्हीकडून अडकतो. कोर्सच्या आशेवर चलन तसंच पडू देतो, नाहीतर पैसे भरले म्हणजे सगळं मिटलं असं समजून आरटीओचं पत्र कपाटात टाकतो.

कोल्हापूर, सांगली, चंदगड, सावंतवाडीकडून शिक्षणाला किंवा नोकरीला इकडे आलेल्यांनी आणि ज्यांचं लायसन्स अजून नवं कोरं आहे त्यांनी पुढचं क्रमाने वाचावं. जुन्या चालकांना यातलं बरंच ठाऊक असेल, पण लायसन्स जप्त होण्याचा भाग त्यांनीही वाचावा.

तिकडचा कोर्स म्हणजे नेमकं काय

इंग्लंडमध्ये वेगमर्यादा थोडक्यात ओलांडली असेल तर पोलीस स्वतः पत्र पाठवून विचारतात: दंड आणि गुण (म्हणजे लायसन्सवर चढणारे दोषाचे आकडे) घेता, की वेगाविषयीच्या जागृती वर्गाला बसता? वर्गाला बसलं तर १०० पौंडांचा दंडही नाही आणि लायसन्सवर ३ गुणही नाहीत. वर्गाची फी मात्र खिशातूनच जाते. ही सवलत सगळ्यांना नाही. मागच्या तीन वर्षांत असा वर्ग केला असेल तर पुन्हा मिळत नाही, आणि वेग फारच जास्त असेल तर विचारतच नाहीत. अमेरिकेत राज्याराज्यात वेगळं चालतं. कॅलिफोर्नियात ट्रॅफिक स्कूल केलं तरी दंड भरावाच लागतो, फक्त नोंदीवर गुण चढत नाही, आणि तीही सोय १८ महिन्यांत एकदाच.

म्हणजे तिकडेही कोर्स ही काही फुकटची माफी नाही. आपल्याकडे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा कोर्सची कल्पना घेतली गेली, पण वेगळ्या जागी बसवली गेली. ती जागा कुठली ते पुढे येईलच. आधी हातातल्या चलनाचं बघू.

मेसेज आला की आधी तो खरा आहे का ते बघा

चलनाच्या नावाने व्हॉट्सअॅपवर फसवे मेसेज येतात. त्यात गाडीचा नंबरही बरोबर असतो, सोबत एक फाइल असते, नावाच्या शेवटी एपीके. ती उघडली की फोनमध्ये भलतंच काहीतरी बसतं आणि बँकेतले पैसे जातात. सरकारी चलन अशी फाइल डाउनलोड करायला कधी सांगत नाही. मेसेजमधल्या दुव्याला हात न लावता स्वतः परिवहन खात्याच्या ई-चलन संकेतस्थळावर जा, पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे याची खात्री करा, आणि गाडीचा नंबर टाकून बघा. तिथे काही दिसलं नाही तर जवळच्या वाहतूक पोलीस ठाण्यात नंबर सांगून विचारा.

उलट बाजूही आहे. खरं चलन असूनही मेसेजच येत नाही, कारण आरसीवर जुना मोबाइल नंबर असतो. जुनी गाडी घेतलेल्यांचं हे नेहमीचं दुखणं: सगळे मेसेज पहिल्या मालकाला जातात आणि तो कशाला कळवतोय! गाडी घेतल्या घेतल्या नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर वाहन पोर्टलवर बदलून घ्या. पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवायचं, हे कायद्यातच आहे. महाराष्ट्राची गाडी १२ महिन्यांहून जास्त काळ इकडे ठेवली तर ती कर्नाटकात नव्याने नोंदवावी लागते. एमएच-०९ वर वर्षानुवर्षं टिळकवाडीत फिरणारे बरेच आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

चलन कुठल्या राज्याचं?

आपल्या भागात हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटतो तितका सोपा नाही. निपाणीहून कागलला निघालात तर कोगनोळी ओलांडली की महाराष्ट्र. बेळगावहून सावंतवाडीच्या रस्त्याने गेलात तर बाचीपर्यंत कर्नाटक आणि शिनोळीला महाराष्ट्र. संकेश्वरहून गडहिंग्लजकडे वळलात तरी तेच. एका सकाळच्या फेरीत दोन राज्यांची चलनं होऊ शकतात.

नियम एवढाच: गुन्हा जिथे घडला त्या राज्याचं चलन. नंबरप्लेट कुठली आहे याचा संबंध नाही. महाराष्ट्राच्या हद्दीतलं चलन महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर दिसतं आणि तिथेच भरायचं. बेळगावच्या ठाण्यात ते घेऊन जाण्यात अर्थ नाही. कर्नाटकातलं चलन वाहतूक पोलीस ठाण्यात, ऑनलाइन किंवा 'कर्नाटक वन' (इंग्रजीतलं वन, म्हणजे एक) या सरकारी सेवा केंद्रात भरता येतं. बेळगाव शहरात पोलीस आयुक्तालय आहे, वाहतुकीची ठाणी उत्तर आणि दक्षिण अशी वेगळी आहेत. शहराबाहेरचं, म्हणजे खानापूर, निपाणी, चिक्कोडी, संकेश्वरचं प्रकरण जिल्हा पोलिसांकडे असतं. चलनावर ठाण्याचं नाव छापलेलं असतं, ते आधी बघा, नाहीतर एका ठाण्यातून दुसऱ्यात हेलपाटे होतात.

कागद कानडीत असेल तर घाबरायचं कारण नाही. कामाचे शब्द बरेचसे ओळखीचेच आहेत: 'वाहन संख्ये' म्हणजे गाडीचा नंबर, 'दिनांक' आणि 'स्थळ' आपलेच, 'अतिवेग' आपलाच, 'दंड' तर दोन्हीकडे दंडच. 'चालना परवानगी' म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स, 'संचार पोलीस ठाणे' म्हणजे वाहतूक पोलीस ठाणं आणि 'प्रादेशिक सारिगे कछेरी' म्हणजे आरटीओ. रस्त्यावरचे दोन फलकही लक्षात ठेवा: 'निधानवागी चलिसी' म्हणजे सावकाश चालवा, 'मुंदे शाले इदे' म्हणजे पुढे शाळा आहे. लिपी येत नसेल तर कागदाचा फोटो काढून शेजारच्या दुकानदाराला दाखवा. बेळगावात दोन्ही भाषा वाचणारा माणूस हाकेच्या अंतरावर असतो. परिवहनची संकेतस्थळं इंग्रजीतही आहेत.

आकडा किती आणि तो बरोबर आहे का

वेगमर्यादा ओलांडण्याचं कलम १८३. केंद्रीय कायद्याप्रमाणे कार-दुचाकीसारख्या हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये, मध्यम आणि अवजड प्रवासी किंवा मालवाहू वाहनाला २,००० ते ४,००० रुपये. जागेवर किंवा ऑनलाइन भरायची तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवतं, म्हणून चलनावरचा आकडाच धरायचा.

मर्यादेचं म्हणाल तर रस्त्याकडेचा फलक हाच खरा. महामार्गाची जी कमाल मर्यादा लोकांच्या तोंडी असते ती वरची टोकाची रेघ. घाटात, गावातून, शाळेजवळ, रस्त्याचं काम चालू असेल तिथे राज्याला ती खाली आणता येते आणि तसा फलक लावावा लागतो. पुणे-बेंगळुरू महामार्गावर निपाणीजवळचा तवंदी घाट हे याचं उत्तम उदाहरण. चार पदरी सरळ रस्त्यावरून आलेला माणूस त्याच वेगात उतारावर घुसतो. तिथे फलक बघायचा नाही तर कुठे बघायचा?

चलन चुकीचं वाटत असेल तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी तपासा. फोटोतली गाडी तुमचीच आहे का. रंग, कंपनी, नंबर. मोजलेला वेग आणि तिथली मर्यादा हे दोन्ही आकडे दिलेत का. आणि वेळ-ठिकाण जुळतं का. नंबर चुकीचा वाचला जाणं किंवा दुसऱ्याच कुणी तुमच्या नंबरची प्लेट लावून फिरणं, दोन्ही घडतं. कायद्यात चालकाच्या बाजूने एक तरतूद आहे जी फार कमी लोकांना माहीत असते: एकट्या साक्षीदाराच्या "मला वाटलं हा जोरात होता" एवढ्यावर वेगासाठी दोषी धरता येत नाही. तो अंदाज यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने मोजलेल्या वेगावर आधारलेला असावा लागतो. पोलिसाने नुसतं हात करून थांबवलं आणि "स्पीडमध्ये होतास" म्हटलं, तर शांतपणे विचारायचं: "साहेब, रीडिंग दाखवता का?" हुज्जत नको, आवाज नको. रीडिंग दाखवलं तर विषय संपला.

गाडी तुमची पण चालवत दुसराच होता, तर मालक म्हणून चालकाचं नाव आणि लायसन्सची माहिती देणं तुमच्यावर बंधनकारक आहे. "कोण चालवत होतं आठवत नाही" हे उत्तर चालत नाही.

भरायचं कधी?

लवकर. कर्नाटक सरकारने २०२३ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये थकलेल्या ई-चलनांवर ५० टक्के सूट दिली होती. तेव्हापासून 'सूट येईल तेव्हा भरू' अशी एक जमात तयार झाली आहे. सूट कधी येईल, येईल का आणि तुमचं चलन त्यात बसेल का, हे कुणालाच सांगता येत नाही. दरम्यान चलन न्यायालयाकडे गेलं की ठाण्यात भरता येत नाही, तिकडचा क्रम पाळावा लागतो. शिवाय गाडी विकताना, नाव बदलताना थकलेली चलनं आडवी येतात. चूक आपली असेल तर भरून पावती ठेवा, पावतीचा स्क्रीनशॉट नव्हे, पीडीएफ. आपली चूक नसेल तर भरू नका, लेखी तक्रार करा. दोन्ही एकदम होत नाही. भरलं म्हणजे मान्य केलं.

लायसन्स जप्त झालं तर

दंडाचे हजार रुपये विसरले जातात, पण लायसन्स गेलं की रोजचं जगणं अडतं. हा भाग म्हणूनच सावकाश वाचा.

वेग, धोकादायक चालवणं, दारू पिऊन चालवणं, हेल्मेट नसणं अशा ठरावीक गुन्ह्यांत पोलिसाला लायसन्स ताब्यात घेऊन लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवण्याचा अधिकार आहे. कलम २०६ चं चौथं पोटकलम. वेगाचा गुन्हा दुसऱ्यांदा झाला तर कलम १८३ मध्येच लायसन्स जप्तीचं स्पष्ट लिहिलेलं आहे. जप्तीच्या वेळी पोलीस एक तात्पुरती पोच देतो. ही पोच म्हणजे गाडी चालवायचा परवाना नव्हे. पूर्वी पावती दाखवून लोक गाडी चालवायचे, ती सवय अजून गेलेली नाही. आताच्या कायद्यात शब्द सरळ आहेत: लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पोचेवर चालवता येत नाही. गाडी घरी न्यायला दुसऱ्या चालकाला बोलवा.

मग आरटीओकडून पत्र येतं. बेळगाव केए-२२, चिक्कोडी केए-२३, बैलहोंगल केए-२४, गोकाक केए-४९. निपाणीकरांना चिक्कोडीला जावं लागतं. पत्रात सुनावणीची तारीख असते. ही तारीख चुकवू नका. अधिकाऱ्याने तुमचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे असा कायदाच आहे, आणि ऐकून झाल्यावर तो तुम्हाला सोडूनही देऊ शकतो. तुम्ही गेलाच नाहीत तर एकतर्फी निर्णय होतो. जाताना चलनाची प्रत, पैसे भरल्याची पावती, लायसन्सची झेरॉक्स आणि तुमच्या बाजूचा काही कागद असेल तर तो न्या. पेशंट घेऊन दवाखान्याकडे निघाला होतात तर दवाखान्याची नोंद न्या. नुसती कहाणी सांगू नका. अधिकाऱ्यासमोर दिवसभर कहाण्याच येत असतात.

निलंबनाचा आदेश झाला तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिने. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर झालं तर लायसन्स रद्दच. आदेश का दिला याची कारणं लेखी असावी लागतात. आदेश मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. अपील कुणाकडे करायचं ते त्याच कार्यालयात विचारा आणि आदेशाची सहीशिक्क्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्या, नाहीतर ३० दिवस प्रत मिळवण्यातच जातात.

या तीन महिन्यांत चालवलं आणि सापडलात तर प्रकरण हजारावरून दहा हजारांवर जातं: १०,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्यात अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला मोकळीक मिळते. "गल्लीतल्या गल्लीत स्कूटर काढली" हेसुद्धा चालवणंच आहे.

आता कोर्स

तीन महिने संपले म्हणजे लायसन्स आपोआप परत, असं २०१९ च्या आधी होतं. आता कलम १९ मध्ये जोड दिली आहे: निलंबनाची मुदत संपल्यावरही चालकाने ड्रायव्हर रिफ्रेशर ट्रेनिंग कोर्स यशस्वीपणे पूर्ण केला असेल तरच लायसन्स परत. कोर्स कुठे करायचा तेही लिहिलेलं आहे: कलम १२ खाली परवाना असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये किंवा केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या संस्थेत. गल्लीत बोर्ड लावून दुहेरी ब्रेकची मारुती फिरवणारा प्रत्येक जण त्यात मोडत नाही.

आणि यातलं सगळ्यांत महत्त्वाचं: चलनाची तडजोडीची रक्कम भरली म्हणून कोर्समधून सुटका होत नाही, असं कलम २०० मध्ये वेगळं लिहून ठेवलं आहे. राज्य सरकारला समाजसेवेची अटही घालता येते, आणि तीही पैसे भरून चुकत नाही. इंग्लंडच्या पाहुण्याचा सल्ला इथेच उलटा होतो. तिकडे कोर्स केला की दंड नाही, इकडे दंड भरला तरी कोर्स आहेच.

कोर्सला नाव घालण्याआधी आरटीओच्या खिडकीवर एवढंच विचारा: "सर, माझ्या आदेशात रिफ्रेशर कोर्स लिहिलाय. तुम्ही कुठल्या संस्थेचं सर्टिफिकेट घेता? यादी मिळेल का?" ही यादी हातात आल्याशिवाय कुठेही पैसे भरू नका. मग त्या संस्थेत जाऊन परवाना बघा. ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना फॉर्म ११ मध्ये असतो आणि तो भिंतीवर लावलेला असायला हवा. मुदत संपलेली नाही ना, तेही बघा. विचारायला लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

एजंट भेटेल. "यायची गरज नाही, सर्टिफिकेट घरपोच," असं म्हणेल. त्याला नको म्हणा. खोटं प्रमाणपत्र दिलं हे उघड झालं तर वेगाचा साधा गुन्हा राहतो बाजूला आणि फसवणुकीचा नवा विषय सुरू होतो. कोर्स तीन महिन्यांच्या आतच उरकून घ्या. मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात शोधायला लागलात तर बॅच भरलेली असते आणि निलंबन विनाकारण लांबतं.

रोजगार गाडीवर असलेल्यांसाठी आणखी एक. पेट्रोल, गॅस असा धोकादायक माल वाहणाऱ्या चालकांना वेगळ्या प्रशिक्षणाची आणि नूतनीकरणाच्या वेळी उजळणीची अट आधीपासून आहे. ती उजळणी आणि हा कोर्स एकच समजू नका. एकाचं प्रमाणपत्र दुसऱ्याच्या जागी देऊ नका.

वर्गात काय शिकायचं

बरेच जण वर्गात मागच्या बाकावर बसून मोबाइल बघतात. मग पुन्हा चलन. माझ्या मते सगळ्या वर्गातलं कामाचं गणित एकच आहे आणि ते दहा मिनिटांत कळतं.

समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ६० च्या वेगात गाडी तेवढ्यात २५ मीटर पुढे गेलेली असते, मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २० मीटर. एकूण ४५. वेग ८० केला तर हे ६९ मीटर होतं. १०० केला तर ९७. वेग दीडपटीहून थोडा वाढला आणि थांबायचं अंतर दुपटीच्या वर गेलं, कारण ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. रस्ता ओला असेल तर ब्रेकचं अंतर आणखी दीड-दोन पटीने लांबतं. आणि आपल्याकडे रस्ता किती महिने ओला असतो ते बेळगावकराला सांगायला नको. जांबोटी-कणकुंबी-चोर्ला किंवा आंबोलीचा रस्ता पावसाळ्यात धुक्याने भरतो तेव्हा समोरचं तीस मीटरही दिसत नाही. तिथे ६० सुद्धा आंधळेपणा आहे, फलक काहीही म्हणो.

दुसरं, ऊस. गळीत हंगामात निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, खानापूर सगळीकडे संध्याकाळनंतर ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात. दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाल्याखाली झाकलेला. ट्रॉली पंधरा-वीसच्या वेगाने चाललेली आणि तुम्ही १०० ला. हेडलाइटच्या उजेडात ती दिसेपर्यंत वरचे ९७ मीटर तुमच्याकडे शिल्लक नसतात. वर्गातल्या शिक्षकाने पुस्तकातलं उदाहरण दिलं तर हे इथलं उदाहरण विचारा. दिव्यांनी दिसणारं अंतर आणि थांबायचं अंतर यांचा हिशेब करून घ्या. रात्री किती वेगाने जायचं याचं उत्तर त्यातच मिळतं.

आणि वाचतं किती? ७० किलोमीटरच्या पल्ल्यात ८० ऐवजी १०० ने गेलात तर साडेदहा मिनिटं. तीही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर. हत्तरगीच्या टोलवर एक रांग लागली की त्यातली निम्मी गेली.

गोव्याला भाजी-दूध नेणाऱ्या चालकांसाठी

बेळगावातून रोज पहाटे भाजीचे आणि दुधाचे टेंपो गोव्याला सुटतात. मालक म्हणतो, सहापर्यंत म्हापशात पोहोच. चालक बिचारा चोर्ल्यातून पळवत सुटतो आणि चलन, लायसन्स, कोर्स सगळं त्याच्याच डोक्यावर. कायदा मालकालाही मोकळं सोडत नाही. नोकराला मर्यादेबाहेर गाडी चालवायला लावणाऱ्यालाही कलम १८३ लागू होतं. वेगमर्यादा पाळून जे अंतर त्या वेळेत कापता येणंच शक्य नाही असं न्यायालयाला वाटलं, तर तसा हुकूम देणं हाच मालकाविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा धरला जातो. म्हणून वेळेचा हुकूम तोंडी न घेता मेसेजवर घ्या: "मालक, किती वाजता पोचायचं ते टाका." तो मेसेज डिलीट करू नका. भांडायची गरज नाही. असा कायदा आहे एवढं कळलं तरी बहुतेक मालक अर्धा तास वाढवून देतात.

स्वतःहून कोर्स केला तर?

करा. त्याने दंड माफ होत नाही, जुनं चलन पुसलं जात नाही, पण नवशिक्याला त्याचा उपयोग फार आहे. केंद्राने जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू केले. त्यात हलक्या वाहनाचा कोर्स २९ तासांचा, जास्तीत जास्त चार आठवड्यांत. अवजड वाहनाचा ३८ तासांचा, सहा आठवड्यांत. थिअरी आणि प्रत्यक्ष, दोन्ही. अशा केंद्रातून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. उजळणीचे वर्गही ही केंद्रं घेऊ शकतात. साध्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आठवडाभर क्लच-ब्रेक शिकून आरटीओच्या मैदानात आठ काढणं आणि हे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घाट, पाऊस, रात्र यातलं पहिल्या प्रकारात काहीच येत नाही. घरात अठरा पूर्ण झालेलं पोरगं असेल तर बाइकच्या आधी यावर पैसे घाला. अठरा पूर्ण नसेल तर चावी देऊच नका. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते.

लायसन्स परत घेताना

प्रमाणपत्राच्या दोन झेरॉक्स काढा, मूळ प्रत आरटीओत दाखवा, जमा केली तर पोच घ्या. लायसन्सचं कार्ड हातात आलं तरी तेवढ्यावर निघू नका. सारथी ही लायसन्सची नोंद देशभर एकच आहे. निलंबन तिथून उठलेलं नसेल तर शिनोळीच्या पुढे महाराष्ट्र पोलिसाच्या मशीनवर किंवा अनमोडच्या पुढे गोव्यात तुमचं लायसन्स निलंबितच दिसेल, आणि हातातलं कार्ड दाखवून तिथे वाद घालावा लागेल. म्हणून खिडकीवर उभं असतानाच फोनवर सारथीत लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकून स्थिती बघा. 'अॅक्टिव्ह' दिसत नसेल तर तिथल्या तिथे कारकुनाला दाखवा आणि नोंद होईपर्यंत थांबा. मग डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये लायसन्स पुन्हा उतरवून घ्या, कारण आधीचं उतरवलेलं जुन्या नोंदीचं असतं.